वृक्षांची साक्ष व जगाचें ऊन

येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहांतील एक आंब्याचें झाड इतिहासांत नांवाजलें गेलें आहे. १९३२ सालच्या सप्टेंबर महिन्यांत महात्मा गांधींनीं तेथें उपोषण आरंभिलें, तेव्हां त्या झाडाच्या छायेंत त्यांची खाट टाकलेली असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व इतर पुढारी यांचीं त्यांच्याशीं बोलणीं तेथेंच झालीं, आणि २४ सप्टेंबर रोजीं जो करार ठरला तो पुणें-करार या नांवानें प्रसिद्ध आहे. अशा झाडाची हकीकत ऐकून कोणाच्याहि मनांत येईल कीं, यास वाचा असती तर यानें किती गोष्टी सांगितल्या असत्या! माणसांच्या बोलण्याची स्मृति झाडास नसते, हें उघड आहे. परंतु त्या वर्षीं पाऊस किती पडला, ऊन किती तापलें, एवढें तरी तें सांगूं शकेल काय?

हा प्रश्न वरवर पाहतां बालिश वाटेल. पण गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत शास्त्रज्ञांनीं तो गंभीरपणें विचारला आहे व त्याचें उत्तरहि मिळविलें आहे. तें उत्तर असें कीं, कांहीं झाडें बोलतात, कांहीं बोलत नाहींत. आणि जीं बोलतात तींहि सर्वच प्रश्नांचीं उत्तरें देत नाहींत. येरवड्याचा आंबा हा न बोलणाऱ्यांपैकीं आहे. तो कां बोलत नाहीं, साग व देवदार कां बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यावर कितपत भरंवसा ठेवावा, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

हा विषय आम्हीं केवळ मनोरंजनासाठीं घेतलेला नाहीं. उन्हाळ्याचे दिवस आले कीं आजकाल भरल्या घरांत एक वाद हटकून निघतो. वडील मंडळी म्हणतात, "ऊन काय आजचें आहे? वैशाखवणवा आमच्या लहानपणींहि होताच." कॉलेजांत शिकणारीं मुलें म्हणतात, "नाहीं, सारी पृथ्वीच तापत चालली आहे." वडिलांपाशीं अनुभव असतो, मुलांपाशीं आंकडे असतात, आणि आवाज दोघांचाहि चढतो. वास्तविक या वादाचा निकाल एका माणसाच्या आठवणीवर लागणार नाहीं, कीं वर्तमानपत्राच्या एका मथळ्यावरहि लागणार नाहीं. ज्याचें आयुष्य माणसाहून दीर्घ आहे व ज्यास कोणाचीच बाजू घेण्याचें कारण नाहीं, असा साक्षीदार येथें पाहिजे.

यंत्रांची साक्ष आहे, पण ती फार मागें जात नाहीं. भारताचें हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली; म्हणूनच शिवाजीनगरची ती इमारत अद्यापि ‘सिमला ऑफिस’ याच नांवानें ओळखली जाते. साऱ्या पृथ्वीच्या उष्णतेचा हिशेब मांडतां येईल इतके उष्णतामापक जगांत जागोजाग लागले, ते साधारणतः १८५० च्या सुमारापासून. त्याच्या मागें गेलें कीं आपल्या हातीं राहतात त्या बखरी, पत्रें व जमाखर्चाच्या वह्या. त्यांतून ‘दुष्काळ पडला, धारण महागली’ एवढें कळतें. उष्णता किती अंश होती हें कळत नाहीं. अशा ठिकाणीं झाडांची साक्ष कामास येते.

ही साक्ष कशी लिहिली जाते, तें प्रथम पाहूं. झाडाची साल व आंतील लाकूड यांच्यामध्यें एक अत्यंत पातळ सजीव थर असतो. वाढीच्या दिवसांत हा थर आंतल्या अंगास नवें लाकूड घालीत जातो. सागाचें उदाहरण घ्या. उन्हाळ्यांत साग पानें टाकून उघडाबोडका होतो व त्याची वाढ थांबते. पुढें पाऊस येऊन पालवी फुटली कीं प्रथम मोठ्या छिद्रांचें, सैलसर लाकूड बनतें. हंगाम सरत येतो तसतसें बारीक छिद्रांचें, घट्ट लाकूड बनतें. आणि मग पुन्हां विश्रांति. पुढच्या वर्षीं परत मोठ्या छिद्रांची ओळ येते. मागील वर्षाचें घट्ट लाकूड आणि नव्या वर्षाचीं मोठीं छिद्रें यांच्यामधील रेघ म्हणजेच वर्षाची शींव. आडव्या कापलेल्या ओंडक्यावर हीं वर्षें वलयांसारखीं एकाबाहेर एक दिसतात. वखारींत गेलेल्या कोणासहि तीं नुसत्या डोळ्यांनीं पाहतां येतील.

आंब्याचें तसें नाहीं. तो बारमास हिरवा असतो. वर्षांतून एकाहून अधिक वेळां पालवतो, व त्याच्या वाढीस सागासारखा ठरलेला विसांवा नाहीं. त्यामुळें त्याच्या लाकडांत वर्षाची शींव स्पष्ट उमटत नाहीं. ज्या वहींत पानें फाडून तारखा पुसल्या आहेत, ती वही कितीहि जुनी असली तरी न्यायाधीशापुढें चालत नाहीं. तशीच ही गत आहे. आपल्या देशांतील बहुसंख्य झाडांची स्थिति अशीच आहे. सागवान हा त्यांतला मोठा अपवाद, आणि हिमालयांतील देवदार, चीड वगैरे सूचिपर्णी झाडें हा दुसरा.

वलयें पाहण्यासाठीं झाड तोडावेंच लागतें असें नाहीं. एक पोकळ गिरमिट खोडांत हळूहळू फिरवितात. तें बाहेर काढलें म्हणजे सालीपासून गाभ्यापर्यंतची लाकडाची एक सळई हातीं येते. ती शिसपेन्सिलीहूनहि बारीक असते. तिला काचकागदानें घासून गुळगुळीत करतात व सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्येक वलयाची रुंदी मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजतात. झाडास झालेली ही जखम लहान असते, व निरोगी झाड ती कालांतरानें भरून काढतें.

आतां वलयें मोजलीं म्हणजे काम संपलें असें कोणास वाटेल. तसें नाहीं. एखाद्या अत्यंत वाईट वर्षीं झाड खोडाच्या एका बाजूस वलय घालीतच नाहीं; तर कधीं मध्येंच पावसानें ओढ देऊन पुन्हां जोर केला कीं एकाच वर्षांत दोन वलयांचा भास होतो. म्हणून एकाच झाडावर विसंबून चालत नाहीं. एकाच रानांतील वीस-पंचवीस झाडें घेतात आणि त्यांच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशीं पडताळून पाहतात. ‘दोन रुंद, एक अरुंद, तीन मध्यम, पुन्हां एक फार अरुंद’ असा क्रम सर्वांत एकाच जागीं आला, तर वर्षें बरोबर लागलीं असें समजावें. जमाखर्चाच्या दोन वह्या ताडून पाहण्याचा जो प्रघात पेढ्यांवर असे, तोच येथें आहे.

या पडताळ्याची पद्धत अँड्रयू एलिकॉट डग्लस या अमेरिकन ज्योतिर्विदानें विसाव्या शतकाच्या आरंभीं घालून दिली. सूर्यावरील डागांचें सुमारें अकरा वर्षांचें चक्र झाडांच्या वाढींत उमटतें कीं काय, हें शोधण्यास तो निघाला होता; हातीं लागलें तें निराळेंच. अॅरिझोना प्रांतांतील जुन्या, ओसाड पडलेल्या वस्त्यांच्या घरांतील तुळया त्यानें तपासल्या. जिवंत झाडांवरून मागें जाणारी एक मालिका व तुळयांवरून मिळालेली दुसरी मालिका यांच्यामध्यें एक खिंड होती. १९२९ सालीं एका जळक्या तुळईनें ती खिंड भरून काढली, आणि त्या वस्त्या कोणत्या सालीं बांधल्या गेल्या हें वर्षानिशीं सांगतां येऊं लागलें. तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथें मोठें अवर्षण होतें, हेंहि त्याच वलयांनीं सांगितलें. पुढें १९३७ सालीं अॅरिझोनाच्या विद्यापीठांत केवळ या एका विद्येसाठीं प्रयोगशाळा निघाली.

येथपर्यंत वर्ष कोणतें हें समजलें. त्या वर्षीं हवा कशी होती, हें समजणें याहून अवघड आहे. आणि येथें आमच्या जुन्या न्यायशास्त्राची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमानाचें प्रसिद्ध उदाहरण आहे. पण तें केव्हां खरें? जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि, ही व्याप्ति पक्की असेल तेव्हांच. उलट, जेथें अग्नि तेथें धूर असें म्हणूं गेल्यास तें फसतें. कारण लालबुंद लोखंडांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघण्यास ओलें सरपण लागतें. या ओल्या सरपणास नैयायिकांनीं ‘उपाधि’ म्हटलें. झाडाच्या वलयांवरून हवेचें अनुमान करणाऱ्या शास्त्रज्ञाचें निम्में आयुष्य हे उपाधि शोधून काढून टाकण्यांतच जातें.

वलय अरुंद दिसलें म्हणजे पाऊस कमी होता, असें एकदम म्हणतां येत नाहीं. पहिला उपाधि म्हणजे झाडाचें वय: तरुणपणीं वलयें रुंद असतात व पुढें आपोआप अरुंद होत जातात. दुसरा म्हणजे कीड: सागाचीं पानें खाणाऱ्या अळ्यांनीं एखाद्या वर्षीं झाड बोडकें केलें, तर पाऊस उत्तम असूनहि वलय बारीक पडतें. तिसरा शेजार: बाजूचें मोठें झाड पडून ऊन मोकळें झालें, तर दुष्काळांतहि वलय फुगतें. शिवाय वणवा आहे, फांद्यांची तोड आहे. वयाचा भाग गणितानें वजा करतात. शेजार व तोड यांचा परिणाम अनेक झाडांची सरासरी घेऊन पुसट करतात. कारण शेजार एका झाडाचा असतो; पाऊस व ऊन साऱ्या रानाचें असतें.

एवढें करूनहि परीक्षा घ्यावीच लागते. समजा, एखाद्या ठिकाणच्या यंत्रांच्या नोंदी शंभर वर्षांच्या आहेत. त्यांतील पन्नास वर्षांवरून वलयांची रुंदी व हवा यांचें नातें बसवितात. मग तेंच नातें उरलेल्या पन्नास वर्षांस लावून, वलयांवरून काढलेली हवा व यंत्रानें नोंदलेली हवा जुळते कीं नाहीं, हें पाहतात. पहिलीं पन्नास वर्षें म्हणजे पाठ, दुसरीं पन्नास म्हणजे परीक्षा. परीक्षेचे प्रश्न पाठांत सांगून ठेवले तर उत्तीर्ण होण्यास अर्थ राहत नाहीं, हें जन्मभर शाळेंत काढलेल्या आम्हांस निराळें सांगावयास नको. जी मालिका या परीक्षेंत उतरते तिच्यावरच जुन्या शतकांचें अनुमान उभारतात.

आतां खरा कळीचा मुद्दा येतो. झाड कशाची साक्ष देतें? ज्या गोष्टीची त्यास उणीव पडते तिची. ज्याच्या घरीं धान्य भरपूर पण पाण्याचे हाल, त्यास वर्ष कसें गेलें विचारलें तर तो पाण्याबद्दलच बोलेल. आमच्या महाराष्ट्रांतील सागास ऊन मुबलक. त्याचें अडतें तें ओलाव्यावांचून. म्हणून साग पावसाची हकीकत सांगतो. हिमालयाच्या वरच्या अंगास, जेथें बर्फाच्या सीमेलगत झाडें कशींबशीं तग धरतात, तेथें ओलावा असतो पण ऊब नसते. तेथील झाडें उष्णतेची हकीकत सांगतात. सागास उष्णतेविषयीं विचारणें हें आंधळ्यास रंग विचारण्यासारखें आहे. त्याच्या न सांगण्यावरून त्यास खोटें ठरवूं नये.

या विद्येचें आपल्या देशांतील एक मुख्य ठिकाण पुण्यांतच आहे, ही गोष्ट पुष्कळ पुणेकरांस ठाऊक नसते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ सालीं स्थापन झाली. तेथील गोविंद बल्लभ पंत, हेमंत बोरगांवकर व त्यांचे सहकारी यांनीं वृक्षवलयांचें काम अनेक वर्षें चिकाटीनें केलें. १९८३ सालीं पंत व बोरगांवकर यांनीं ठाणें परिसरांतील सागाच्या वलयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें गडचिरोली जिल्ह्यांतील आलापल्लीच्या सागांचा अभ्यास याच संस्थेंत झाला. तेथील वलयांचें नातें जमिनींतील ओलाव्याशीं जवळचें आहे, असें त्यांत दिसून आलें. आणि २०१० सालीं केरळांतील सागांवरून तयार केलेली जी मालिका प्रसिद्ध झाली, ती इ. स. १४८१ पासून २००३ पर्यंत, म्हणजे ५२३ वर्षांची आहे. मालिकेच्या आरंभींचीं वलयें पडत होतीं तेव्हां वास्को द गामा कालिकतास आलाहि नव्हता.

त्या मालिकेचा निष्कर्ष आमच्या दृष्टीनें मोठा आहे. दूर पॅसिफिक महासागराच्या मध्य व पूर्व भागांतील पाणी ज्या वर्षीं नेहमींहून अधिक तापतें, त्या स्थितीस ‘एल निनो’ म्हणतात. अशा पुष्कळ वर्षीं आपल्याकडील मोसमी पाऊस दगा देतो. केरळांतील सागांचीं अरुंद वलयें एल निनोच्या अवर्षणाशीं निगडित आहेत, असें त्या अभ्यासांत आढळलें. म्हणजे हजारों कोसांवरील समुद्राचा ताप आमच्या रानांतल्या सागाच्या पोटांत लिहिला जातो! १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, खडी फोडण्याच्या कामावर गेलेलीं गांवेंच्या गांवें ज्यांनीं पाहिलीं, त्यांस याचें महत्त्व विशद करून सांगावयास नको. तें वर्षहि एल निनोचेंच होतें.

२०१० सालींच एडवर्ड कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आशिया खंडांतील ३२७ ठिकाणच्या वृक्षमालिका एकत्र करून मोसमी प्रदेशांतील दुष्काळांचे वर्षावर्षाचे नकाशे तयार केले. त्यांत चार मोठीं अवर्षणें ठळकपणें दिसतात. त्यांपैकीं एक १७९० ते १७९६ च्या दरम्यानचें व एक १८७६ ते १८७८ चें आहे. हें दुसरें म्हणजे आपल्या दक्षिणेंतील तो भयंकर दुष्काळ, ज्यांत सार्वजनिक काकांच्या पुढाकारानें पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती गोळा करून सरकारापुढें मांडली, आणि ज्याच्या दर्शनानें वासुदेव बळवंत फडके यांचें मन पेटून उठलें. कागदानें सांगितलेली गोष्ट झाडानेंहि सांगावी, यापरता साक्षीचा मेळ कोणता?

आतां उष्णतेकडे वळूं. लखनौ येथें बिरबल साहनी यांनीं १९४६ सालीं स्थापिलेली जी संस्था आहे, तेथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पश्चिम हिमालयांतील झाडांवरून १३९० ते १९८७ पर्यंतच्या वसंतऋतूंतील उष्णतेचें अनुमान १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत विसाव्या शतकांत वसंताची उष्णता वाढल्याचें स्पष्ट चिन्ह दिसलें नाहीं. हें वाचून वडील मंडळींस आनंद होईल. परंतु २०११ सालीं पुण्याच्या संस्थेनें हिमालयांतील अधिक उंचीवरच्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत अलीकडच्या दशकांत त्या झाडांची वाढ जोरानें वाढलेली आढळली, व ती तेथील वाढत्या उबेशीं जुळते. यांत विरोध आहे काय? नाहीं. एकानें वसंताविषयीं व १९८७ पर्यंतच सांगितलें. दुसऱ्यानें निराळ्या उंचीवरचें व पुढचें सांगितलें. एका डोंगराची एका ऋतूची हकीकत ही साऱ्या पृथ्वीची हकीकत नव्हे, एवढाच धडा यांतून घ्यावा.

साऱ्या पृथ्वीची हकीकत काढावयाची तर साऱ्या पृथ्वीचे साक्षीदार बोलवावे लागतात. १९९८ व १९९९ सालीं मायकेल मान, रेमंड ब्रॅडली व माल्कम ह्यूज या तिघांनीं मुख्यतः वृक्षवलयें आणि त्यांच्या जोडीस ध्रुवप्रदेशांतील बर्फाचे थर, प्रवाळ वगैरे घेऊन उत्तर गोलार्धाच्या मागील हजार वर्षांच्या उष्णतेची रेषा काढली. ती नऊशें वर्षें थोडीफार खालीवर होत हळूहळू उतरत येते व विसाव्या शतकांत एकदम उभी चढते. या रेषेवर मोठा वाद झाला. कोणी गणिताची रीत चुकीची म्हटली, कोणी झाडांची निवड. एक आक्षेप तर खरोखर विचार करण्याजोगा होता: १९६० च्या सुमारापासून उत्तरेकडील थंड प्रदेशांतील कांहीं झाडें वाढत्या उष्णतेबरोबर चालेनाशीं झालीं आहेत. यंत्र म्हणतें ऊन वाढलें, झाड म्हणतें फारसें नाहीं. मग जुन्या काळींहि झाडानें असेंच कमी सांगितलें नसेल कशावरून?

हा आक्षेप शास्त्रज्ञांनीं लपविला नाहीं. तो त्यांनींच प्रथम मांडला. तो सर्व झाडांस लागू नाहीं, असें पुढें दिसून आलें. २००६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें या साऱ्या वादाची चौकशी करून जो निर्णय दिला, तो आम्हांस न्यायाधीशाच्या निर्णयासारखा वाटतो. विसाव्या शतकाचीं शेवटचीं कांहीं दशकें मागील चारशें वर्षांतील तशा कोणत्याहि कालखंडाहून उष्ण होतीं, हें पक्क्या खात्रीनें म्हणतां येतें. त्यामागील सातशें वर्षांविषयीं खात्री कमी आहे. आणि इ. स. ९०० च्या पूर्वींविषयीं फारच कमी. जेथें पुरावा पक्का तेथें पक्कें बोलावें, जेथें पातळ तेथें पातळ बोलावें. त्यानंतर जगभरच्या शेंकडों मालिकांचा मेळ घालण्यांत आला. २०२१ सालीं आंतरराष्ट्रीय हवामान-समितीनें आपल्या सहाव्या अहवालांत सांगितलें कीं, १९७० पासून पृथ्वीची उष्णता ज्या वेगानें वाढली, तितक्या वेगानें ती निदान गेल्या दोन हजार वर्षांतील कोणत्याहि पन्नास वर्षांत वाढलेली नाहीं. २०११ ते २०२० या दहा वर्षांची सरासरी १८५० ते १९०० च्या सरासरीहून १.०९ अंश सेल्सिअसनें अधिक होती. आणि २०२४ हें एकटें वर्ष तर सुमारें दीड अंशानें अधिक भरलें.

दीड अंश म्हणजे काय तें, असें कोणी म्हणेल. पण ज्वर मोजणाऱ्या प्रत्येक आईस ठाऊक आहे कीं, अंगांतील दीड अंशाची वाढ ही क्षुल्लक गोष्ट नसते. आणि १८१५ सालीं तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट होऊन धुळीनें व वायूनें सूर्य झांकोळला, तेव्हां पृथ्वीची सरासरी उष्णता अर्ध्या अंशाच्या आसपासच उतरली होती. तेवढ्यानें पुढील वर्षीं युरोपांत व अमेरिकेंत उन्हाळाच आला नाहीं, पिकें बुडालीं व अन्नान्नदशा झाली.

ही वाढ कोणामुळें झाली, याविषयींहि झाडें मुकीं नाहींत. झाड हवेंतील कार्बनवायु घेऊन आपलें लाकूड बनवितें. हवेंतील कार्बनांत एक किरणोत्सर्गी अंश असतो. तो कालांतरानें क्षीण होत जातो. कोट्यवधि वर्षें जमिनींत पुरलेल्या दगडी कोळशांत तो मुळींच उरलेला नसतो. १९५५ सालीं हान्स सूस यानें दाखविलें कीं, विसाव्या शतकांतील वलयांत तो अंश जुन्या वलयांहून कमी भरतो. अर्थ उघड आहे: पुरातन कोळसा जाळून निघालेला निर्जीव कार्बन हवेंत मिसळला, व झाडानें तो आपल्या अंगीं उतरविला. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बनवायूचे सुमारें २८० भाग होते. आतां ते ४२० च्या वर गेले आहेत.

साक्षीदार केवळ झाडेंच आहेत असेंहि नव्हे. येरवड्यांतील डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं, डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनीं, शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून अनेक वर्षें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें एक हजार वर्षांच्या आगेमागे तेथील ऐसपैस चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या. हवा कोरडी होत गेल्यानें शेती खालावली, असा अर्थ डॉ. ढवळीकरांनीं लाविला. हवा बदलली कीं घराचा आकारसुद्धां बदलतो, ही गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीं आमच्याच जिल्ह्यांत घडली आहे.

सारांश, घरांतल्या वादाचा निकाल आम्हांस असा दिसतो. वैशाख पूर्वींहि तापत होता, दुष्काळ पूर्वींहि पडत होते, हें वडिलांचें म्हणणें खरें आहे. साग त्यास पुरावा देतो. पण सारी पृथ्वी इतक्या वेगानें एकदम तापली, असें मात्र पूर्वीं दोन हजार वर्षांत घडलेलें नाहीं. हें मुलांचें म्हणणेंहि खरें आहे. पहिलें खरें असल्यानें दुसरें खोटें ठरत नाहीं. उलट अधिक चिंताजनक ठरतें. ज्या प्रदेशास पावसाची खात्री कधींच नव्हती, त्याच प्रदेशावर आतां उन्हाचा हा नवा भार पडत आहे.

शेवटीं एक सूचना. जुन्या वाड्यांच्या तुळया, खांब व कडीपाट पुण्यांत दरवर्षीं उतरविले जातात व भंगाराच्या भावानें विकले जातात. शनिवारवाड्याचें लाकूडकाम १८२८ च्या आगींत गेलें; राहिलेल्या वाड्यांचें आपण हातानें घालवीत आहों. तासलेल्या तुळईचीं बाहेरचीं वलयें गेलेलीं असतात, त्यामुळें प्रत्येक तुळई उपयोगी पडेलच असें नाहीं. तथापि ज्यांच्यावर वाडा उतरविण्याचा प्रसंग येईल, त्यांनीं जाड सागवानी तुळईच्या टोकाचा एक चकता कापून ठेवावा, आणि त्यावर वाड्याचें ठिकाण, बांधणीचें साल व तें कोणत्या कागदावरून कळलें तें लिहून ठेवावें. रस्त्यासाठीं पडलेल्या जुन्या सागाचाहि एक चकता तसाच ठेवावा. घरांत आजोबा-पणजोबांच्या रोजनिशींत पावसाची, उन्हाची नोंद असेल तर ती रद्दींत घालूं नये. ज्या लाकडावर नांव-गांव-साल नाहीं तें केवळ सरपण होय. ज्यावर तें आहे, तो साक्षीदार होय. एवढें काम कोणत्याहि घरास करतां येईल, आणि तें याच पिढीनें केलें पाहिजे. कारण पुढच्या पिढीस विचारावयास ना वाडे उरतील, ना सांगणारीं माणसें.